जुन्या सीडी, व्हीसीडी, डीव्हीडी लिनक्सवर उतरवताना: आधी नीट वाचून घ्या, एन्कोडिंग नंतर

फाइल मॅनेजरमध्ये व्हीसीडी उघडायची, आतली सहा-सातशे एमबीची फाइल डेस्कटॉपवर ओढायची, पट्टी सरकते न सरकते तोच ‘इनपुट-आउटपुट एरर’. लगेच निकाल: डिस्क गेली. अशा ‘गेलेल्या’ म्हणून माझ्याकडे आलेल्या सीड्यांपैकी निम्म्याहून जास्त धडधाकट निघाल्या. ती फाइल तशी ओढून येतच नाही. का, ते पुढे व्हीसीडीच्या टप्प्यात सांगतो.

दुसरी चूक ऑडिओ सीडीवाल्यांची. सीडी घातली की थेट एमपीथ्री करायला घेतात. वर्षभराने लक्षात येतं की चौथं गाणं मध्येच किरकिरतंय. तोवर मूळ सीडी कुणाला तरी दिलेली असते, नाहीतर ड्राइव्ह बंद पडलेला असतो.

दोन्हींचं मूळ एकच. डिस्क वाचणं हे एक काम आणि एन्कोड करणं, म्हणजे वाचलेलं एमपीथ्रीसारख्या फॉरमॅटमध्ये बदलणं, हे वेगळं काम, हे डोक्यात नसतं. वाचताना धोका असतो, कारण डिस्क आणि ड्राइव्ह दोन्ही म्हातारे होत असतात. एन्कोडिंग मात्र हव्या तितक्या वेळा, हव्या त्या फॉरमॅटमध्ये करता येतं, फक्त हातात एक खात्रीची प्रत हवी. खालचा सगळा क्रम त्या एका प्रतीसाठी आहे.

हे सगळं डेबियन या लिनक्सच्या १२ आणि १३ या आवृत्त्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. उबंटूवर जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

कमांड कशा वाचायच्या: फोनवर मावसभावाला सांगतो तशाच इथे लिहिल्या आहेत. अक्षरं टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टंकायच्या खिडकीत, रोमन लिपीत आणि छोटीच टंका, आकडेही इंग्रजीच. कॅपिटल अक्षर हवं तिथे ‘मोठा’ असं लिहिलं आहे. डॅश, स्लॅश, टिंब आणि मधली मोकळी जागा जशीच्या तशी द्या. कमांड लक्षात ठेवायची गरज नाही. पण छोटं-मोठं अक्षर चुकवू नका, एके ठिकाणी त्याने अर्थच उलटा होतो.

## १. ड्राइव्ह, जागा आणि परवानगी

लॅपटॉपमध्ये आता ड्राइव्ह नसतोच, त्यामुळे बहुतेकांकडे यूएसबीवर चालणारा चपटा ड्राइव्ह असतो. तो थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावा, हबला नको. वीज कमी पडली की डिस्क फिरायला लागते, थांबते, पुन्हा फिरते, टक्-टक् आवाज येतो, आणि माणूस डिस्कला दोष देतो. ड्राइव्हबरोबर दोन तोंडांची वायर आली असेल तर दोन्ही तोंडं लावा.

मग ‘एलएसबीएलके’ ही कमांड द्या. यादीत ‘एसआर०’ नावाची ओळ दिसली आणि तिच्यापुढे ‘रॉम’ असेल, तर ड्राइव्ह ओळखला गेला. यापुढे ड्राइव्हचा पत्ता आहे /डेव्ह/एसआर०, आणि ‘डेव्ह’ टंकायचं डी-ई-व्ही असं.

जागेचा हिशोब: ऑडिओ सीडी कच्च्या स्वरूपात मिनिटाला साधारण १० एमबी घेते, म्हणजे ७४ मिनिटांची भरलेली सीडी ७८० एमबीच्या आसपास. व्हीसीडीचंही तितकंच. एका थराची डीव्हीडी ४.७ जीबी, दोन थरांची ८.५ जीबी. डीव्हीडी उतरवायची असेल तर २० जीबी तरी मोकळी ठेवा.

परवानगीसाठी ‘ग्रुप्स’ ही कमांड देऊन उत्तरात ‘सीडीरॉम’ आहे का बघा. नसेल तर खालची कमांड द्या (‘सुडो’ म्हणजे ‘रूट’च्या, मशिनच्या मुख्य मालकाच्या, अधिकाराने चालवणं):

सुडो ॲडयूजर तुमचं-युजरनेम सीडीरॉम

तपासणी: यानंतर लॉगआउट करून पुन्हा लॉगइन करा. नुसतं टर्मिनल बंद करून उघडल्याने नवा ग्रुप लागू होत नाही. इथे अडकलेले लोक मग प्रत्येक कमांडच्या आधी सुडो लावत सुटतात आणि सगळ्या फाइल रूटच्या मालकीच्या होऊन बसतात.

## २. पॅकेजं, म्हणजे लागणारे प्रोग्रॅम

सुडो ॲप्ट अपडेट

सुडो ॲप्ट इन्स्टॉल सीडीपॅरानोइया लिबसीडीआयओ-यूटिल्स फ्लॅक ओपस-टूल्स एफएफएमपेग व्हीसीडीइमेजर एलएसडीव्हीडी डीव्हीडीबॅकअप जीडीडीरेस्क्यू व्हीएलसी हँडब्रेक

यातल्या एका नावापाशी थांबा. पॅकेज आहे जीडीडीरेस्क्यू, कमांड आहे नुसती डीडीरेस्क्यू. सुरुवातीचा जी गाळून पॅकेज बसवलंत तर दुसराच प्रोग्रॅम येतो आणि खालची कमांड चालत नाही.

उबंटूवर व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर स्नॅपमधून, म्हणजे ॲप्टऐवजी वेगळ्या पद्धतीने, बसवता येतो. ते टाळा. स्नॅप आणि फ्लॅटपॅक आपल्या कुंपणात राहतात, सिस्टिमवर बसवलेली लायब्ररी (इतर प्रोग्रॅम वापरतात तो मदतीचा कोड) त्यांना दिसत नाही, आणि डीव्हीडीला नेमकी तीच लागते.

## ३. हातातली डिस्क कोणती, ते ठरवा

वरच्या कागदावर विश्वास ठेवू नका. ‘डीव्हीडी’ लिहिलेल्या पाकिटातून मी एमपीथ्री भरलेली डिस्क काढली आहे आणि ‘भक्तिगीते’ लिहिलेल्या सीडीतून बारशाचे फोटो. डिस्क घाला, ड्राइव्ह स्थिर होऊ द्या, मग:

सीडी-इन्फो /डेव्ह/एसआर०

सीडी असेल तर ट्रॅकची यादी आणि शेवटी प्रकार येतो. डीव्हीडी असेल तर फाइल मॅनेजरमध्ये उघडून आतले फोल्डर बघा. घरात सापडणाऱ्या डिस्क चार जातींच्या असतात, आणि प्रत्येकीचा रस्ता वेगळा.

ऑडिओ सीडीवर फाइल सिस्टिम, म्हणजे फाइल-फोल्डरची रचनाच नसते. ‘माउंट होत नाही’ (फोल्डरसारखी उघडत नाही) अशी तक्रार येते ती याचसाठी. ती माउंट करायची वस्तूच नाही. फाइल मॅनेजर तिच्यात ‘ट्रॅक १’ वगैरे वेव्ह (कच्च्या आवाजाच्या) फाइल दाखवतो, पण तो निव्वळ देखावा असतो. त्या ओढून घेता येतात, ऐकूही येतात, पण मध्ये वाचन चुकलं तर ते कुणी सांगत नाही.

एमपीथ्री सीडीवर ‘१०१ अभंग’ छाप पन्नास-शंभर फाइल असतात. इथे एन्कोडिंग करायचंच नाही, नुसती कॉपी करायची. एमपीथ्रीचं फ्लॅक (आवाजातलं काही न गाळणारा फॉरमॅट) करून ‘क्वालिटी वाढवली’ म्हणणारे भेटतात. एकदा गाळलेलं परत येत नाही, फक्त फाइल फुगते.

व्हीसीडीत ‘एमपीईजीएव्ही’ नावाचा फोल्डर असतो आणि त्यात ‘एव्हीएसईक्यू०१.डॅट’ सारख्या फाइल. डीव्हीडीत ‘व्हिडिओ_टीएस’ फोल्डर असतो आणि त्यात व्हीओबी, आयएफओ, बीयूपी अशा तीन प्रकारच्या फाइल.

## ४. पुसणं

मऊ, कोरडं सुती कापड. मधल्या भोकापासून कडेकडे सरळ रेषेत. गोल गोल पुसू नका: गोल ओरखडा माहितीच्या वाटेवरून लांबवर जातो आणि ड्राइव्हची चूक-दुरुस्ती तिथे हरते, आडवा ओरखडा ती सहज पचवते. चिकट डाग असेल तर साध्या पाण्याने ओलसर केलेलं कापड, मग पूर्ण कोरडं करा. थिनर, पेट्रोल, टूथपेस्ट काही नको.

सीडीची छापील बाजू जास्त नाजूक असते, हे फार थोड्यांना माहीत असतं. सीडीत चमकणारा थर छापील बाजूच्या पातळ लॅकरखाली लगेच असतो, तिकडून बॉलपेनने लिहिलं तरी इजा होते. उजेडासमोर धरून टाचणीएवढी भोकं दिसली तर तेवढा भाग कायमचा गेला. डीव्हीडीत तो थर दोन प्लास्टिकच्या मध्ये असतो, म्हणून ती या बाबतीत टणक. कोकणातल्या घरात चार पावसाळे प्लास्टिकच्या पाकिटात काढलेल्या डिस्कवर ओल आणि बुरशी असतेच, त्या आधी पुसा, मगच ड्राइव्हमध्ये घाला.

सावध: कागदी गोल लेबल चिकटवलेली डिस्क असेल तर लेबल ओढून काढू नका. त्याबरोबर चमकणारा थर सोलून येतो.

## ५. ऑडिओ सीडी उतरवणं

आधी वेगळा फोल्डर करा आणि त्यात जा. हे न केल्याने दोन सीड्यांचे ‘ट्रॅक०१’ एकमेकांवर लिहिले गेल्याचं मी पाहिलं आहे, माझ्याच मशिनवर.

सीडीपॅरानोइया -मोठाक्यू

ही फक्त यादी दाखवते. ट्रॅकची संख्या पाकिटावरच्या गाण्यांशी जुळली की:

सीडीपॅरानोइया -मोठाबी

‘बी’ म्हणजे बॅच, प्रत्येक ट्रॅकची वेगळी वेव्ह फाइल. ट्रॅकमध्ये खंड पडू नये अशी मैफल असेल, जिथे आलाप एका ट्रॅकवर संपतो आणि बंदिश दुसऱ्यावर सुरू होते, तिथे मी पूर्ण सीडी एकाच फाइलमध्ये घेतो:

सीडीपॅरानोइया १- मैफल.वेव्ह

फाइलच्या नावातला शेवट टंकायचा डब्ल्यू-ए-व्ही.

आता पडद्यावर एक पट्टी दिसेल आणि तिच्या टोकाला एक चेहरा. सीडीपॅरानोइयाचा हा गमतीदार भाग, पण उपयोगाचा. हसरा चेहरा म्हणजे सगळं सुरळीत. पट्टीत डॅश किंवा अधिकचं चिन्ह दिसलं तर वाचन जरा हललं होतं आणि ते सावरलं गेलं, काळजी नाही. उद्गारचिन्ह दिसलं तर दुरुस्तीच्या पहिल्या टप्प्यानंतरही चूक सापडली आहे. आणि मोठा व्ही दिसला तर तेवढा तुकडा वाचताच आला नाही. कागदावर ट्रॅकचा आकडा लिहून ठेवा.

सावध: छोटा झेड आणि मोठा झेड. -झेड म्हणजे ‘वाचता आलं नाही तर सोडून पुढे जाऊ नकोस, पुन्हा पुन्हा प्रयत्न कर’. -मोठाझेड म्हणजे ‘सगळी तपासणी बंद कर’. खराब सीडीसाठी कुणीतरी ‘झेड लाव’ म्हणून सांगतं, माणूस मोठा झेड लावतो, काम चार मिनिटांत होतं आणि तो खूश होतो. अडकलेली सीडी झटक्यात झाली तर आधी हेच तपासा.

खराब ट्रॅकसाठी क्रम असा: पुसा, वेग कमी करून तोच ट्रॅक पुन्हा घ्या, मग दुसऱ्या ड्राइव्हवर बघा. चौथा ट्रॅक चारच्या वेगाने घ्यायचा असेल तर:

सीडीपॅरानोइया -मोठाएस ४ ४ ट्रॅक०४.वेव्ह

एका ड्राइव्हला न जमलेली डिस्क दुसरा मुकाट्याने वाचतो, हे इतक्यांदा झालंय की शेजाऱ्याचा जुना डेस्कटॉप मी भंगारात जाऊ दिलेला नाही.

## ६. पहिलं एन्कोडिंग: फ्लॅक

फ्लॅकमध्ये काहीच गाळलं जात नाही. वेव्हच्या साधारण निम्म्या-पाऊण जागेत तोच आवाज, बिट न् बिट.

फ्लॅक -८ -मोठाव्ही *.वेव्ह

यातला ८ हा आकडा दर्जाचा नाही. ० ते ८ मध्ये आवाज सगळीकडे सारखाच, फक्त ८ ला फाइल थोडी लहान होते आणि वेळ थोडा जास्त लागतो. मोठा व्ही म्हणजे पडताळणी: एन्कोड करता करता उलट उघडून मूळ आवाजाशी ताडून बघणं. तो गाळू नका.

तपासणी: फ्लॅक -टी *.फ्लॅक ही कमांड द्या. प्रत्येक फाइलपुढे ‘ओके’ आलं, आणि उतरवताना ज्या ट्रॅकचा आकडा कागदावर लिहिला होता तो कानाने ऐकून झाला, की मगच वेव्ह फाइल काढून टाका. फ्लॅकची ही तपासणी फक्त फाइल शाबूत आहे का ते सांगते. सीडीवरूनच किरकिर आली असेल तर ती किरकिर फ्लॅक इमानेइतबारे जपतो.

आवाज कमी वाटतो म्हणून इथे ‘नॉर्मलाइज’ करू नका. जुन्या सीडी हळू असतातच. रीप्लेगेनचा टॅग (आवाजाच्या पातळीची फाइलमधली नोंद) लावला की प्लेअर वाजवताना पातळी जुळवून घेतो आणि मूळ आवाजाला हात लागत नाही.

## ७. टॅग, आणि ते याच टप्प्यावर

एमपीथ्री केल्यावर टॅग, म्हणजे गाण्याच्या-गायकाच्या नावाच्या फाइलमधल्या नोंदी, लावायला घेतले की तेच काम दोनदा करावं लागतं. फ्लॅकवर लावा, पुढच्या फाइलमध्ये ते आपोआप जातात.

पिकार्ड हा प्रोग्रॅम म्युझिकब्रेन्झ या इंटरनेटवरच्या यादीतून नावं शोधतो. हिंदी-इंग्रजी अल्बमना तो बरा उपयोगी पडतो. माझ्याकडच्या नाट्यसंगीताच्या आणि कीर्तनाच्या बऱ्याच सीड्या त्याला सापडल्या नाहीत, त्या हाताने भरल्या. ‘ईझीटॅग’ त्यासाठी पुरतो. देवनागरीत बिनधास्त लिहा. फ्लॅकचे टॅग युनिकोडमध्येच असतात. फाइलचं नाव मात्र मी आकड्यापासून सुरू करतो, ०१, ०२ असं, म्हणजे क्रम बिघडत नाही. ते आकडे इंग्रजी ठेवलेले बरे, काही कार प्लेअर देवनागरी आकड्यांचा क्रम लावत नाहीत.

सीडी शंभरेक असतील तर हाताने करत बसू नका. एबीसीडीई नावाचा स्क्रिप्ट उतरवणं, एन्कोडिंग, टॅग सगळं ओळीने करतो:

एबीसीडीई -ओ फ्लॅक

‘-ओ फ्लॅक’ विसरलात तर तो मुकाट्याने ऑग व्हॉर्बिस (आवाज गाळणारा फॉरमॅट) करतो, आणि साठ सीड्या झाल्यावर कळतं.

## ८. मोबाइल आणि गाडीसाठी हलक्या फाइल

फ्लॅकची प्रत जपून ठेवली की इथे चुकायला हरकत नाही. एमपीथ्री हवं असेल तर:

एफएफएमपेग -आय ०१.फ्लॅक -सी:ए लिबएमपी३लेम -क्यू:ए २ -आयडी३व्ही२_व्हर्जन ३ ०१.एमपी३

क्यू:ए मध्ये आकडा जितका लहान तितका दर्जा चांगला. ० सर्वोत्तम, ९ सर्वात वाईट. ‘जास्त ते चांगलं’ या हिशोबाने ९ घालणारे मग लेमला, म्हणजे एमपीथ्री बनवणाऱ्या एन्कोडरला, शिव्या देतात. २ ला सरासरी १९० केबीपीएसच्या आसपास पडतं, गाडीसाठी भरपूर. शेवटचा आयडीथ्री पर्याय जुन्या प्लेअरसाठी: एफएफएमपेग आपणहून टॅगची नवी आवृत्ती लिहितो, ती जुन्या कार स्टिरिओला कळत नाही आणि गाण्याच्या नावाजागी चौकोन दिसतात. आवृत्ती ३ दिल्यावरही चौकोनच दिसले तर त्या स्टिरिओत देवनागरी फॉन्ट नाही, तुमच्या हातात काही नाही.

प्रवचन, कीर्तन, व्याख्यान यांना एमपीथ्रीपेक्षा ओपस हा फॉरमॅट चांगला:

ओपसएन्क --बिटरेट ३२ --डाउनमिक्स-मोनो प्रवचन.फ्लॅक प्रवचन.ओपस

तासाभराचं प्रवचन साधारण १४-१५ एमबीत बसतं आणि व्हॉट्सॲपवरून पाठवता येतं. पेटी-तबल्याच्या साथीचं कीर्तन असेल तर मोनो करू नका, बिटरेट ९६ द्या.

## ९. व्हीसीडी: चालवणं आणि उतरवणं

नुसतं बघायचं असेल तर व्हीएलसीला सांगा:

व्हीएलसी व्हीसीडी:///डेव्ह/एसआर०

तीन स्लॅश, दोन नाहीत.

आता ती सुरुवातीची ‘इनपुट-आउटपुट एरर’. साध्या डेटा डिस्कवर प्रत्येक सेक्टरमध्ये (डिस्कवरच्या छोट्या तुकड्यात) २०४८ बाइट माहिती असते आणि उरलेली जागा चूक-दुरुस्तीला जाते. व्हीसीडीवर व्हिडिओ जास्त मावावा म्हणून ती दुरुस्तीची जागाही व्हिडिओला दिलेली असते: सेक्टरमागे २३२४ बाइट. फाइल मॅनेजर २०४८ च्या मापाने वाचायला जातो, ड्राइव्ह ‘हा सेक्टर असा वाचता येत नाही’ म्हणतो, आणि आपल्याला वाटतं ओरखडा आहे. त्याच मापाने चालणारा डीडीरेस्क्यूही (खराब डिस्क वाचणारा प्रोग्रॅम, पुढे डीव्हीडीला वापरू) इथे कामाचा नाही. मापच बदलून वाचणारा प्रोग्रॅम लागतो:

व्हीसीडीएक्सरिप -मोठासी /डेव्ह/एसआर० -पी

काम झालं की फोल्डरमध्ये एव्हीएसईक्यू०१.एमपीजी अशा फाइल आणि एक एक्सएमएल फाइल दिसेल. एमपीजी फाइल हीच तुमची खात्रीची प्रत. लग्नाच्या व्हीसीडी सहसा दोन-तीनच्या संचात असतात, कारण एकीवर जेमतेम ७४ ते ८० मिनिटं मावतात. प्रत्येकीसाठी वेगळा फोल्डर करा. फाइलची नावं तिन्हींवर तीच असतात.

तपासणी: एमपीजी फाइल व्हीएलसीत उघडून सुरुवात, मधला भाग आणि शेवटची दोन मिनिटं बघा. डिस्कची कड, म्हणजे शेवट, सर्वात आधी खराब होते. आमच्या घरच्या एका डिस्कवर सगळं लग्न शाबूत होतं, फक्त पाठवणी गेली होती, आणि ते सहा महिन्यांनी कळलं.

व्हीसीडीएक्सरिप मध्येच अडकला तर सीडीआरडीएओ बसवून सगळी डिस्क कच्च्या स्वरूपात घ्या:

सीडीआरडीएओ रीड-सीडी --रीड-रॉ --डेटाफाइल लग्न.बिन लग्न.टॉक

‘टॉक’ टंकायचं टी-ओ-सी. मग व्हीसीडीएक्सरिपला ड्राइव्हऐवजी ती फाइल द्या:

व्हीसीडीएक्सरिप -बी लग्न.बिन

व्हीसीडीचा व्हिडिओ ३५२ बाय २८८ चा, ११५० केबीपीएसचा. त्याचं ‘एचडी’ करून देणारे दुकानदार पैसे घेतात. तपशील डिस्कवरच नाही, तो येणार कुठून? एमपीजी तशीच ठेवा. टीव्हीला ती कळत नसेल तरच एमपीफोर करा, आणि मूळ एमपीजी पुसू नका.

## १०. डीव्हीडी चालवणं

घरी किंवा फोटो स्टुडिओत जाळलेल्या डीव्हीडीला कुलूप नसते, ती व्हीएलसीत सरळ चालते. विकत आणलेल्या बहुतेक डीव्हीडींवर सीएसएस नावाचं कुलूप असतं. ते उघडणारी लायब्ररी आहे लिबडीव्हीडीसीएसएस, आणि डेबियन ती तयार पॅकेज म्हणून देत नाही. त्याऐवजी एक मदतनीस पॅकेज आहे, जे तिचा सोर्स कोड आणून तुमच्या मशिनवर बांधतं:

सुडो ॲप्ट इन्स्टॉल लिबडीव्हीडी-पीकेजी

सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर लिबडीव्हीडी-पीकेजी

दुसरी ओळ हेच खरं काम. पहिलीवर थांबणारे इतके आहेत की ‘डीव्हीडी काळी दिसते’ म्हटल्यावर मी आधी हाच प्रश्न विचारतो. पॅकेजच सापडत नसेल तर डेबियनमध्ये ‘कॉन्ट्रिब’ आणि उबंटूत ‘मल्टिव्हर्स’ हा विभाग चालू करा, ॲप्ट अपडेट द्या, मग पुन्हा.

कायद्याचं एका वाक्यात: भारताच्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली आलेलं कलम ६५ए हक्क भंग करण्याच्या हेतूने असं कुलूप तोडण्याला गुन्हा ठरवतं. स्वतःची डिस्क स्वतः बघण्यापुरतं ठेवा, प्रती वाटू नका. परदेशात राहणाऱ्यांनी तिथला नियम बघावा, अमेरिकेत तो बराच कडक आहे.

मग:

व्हीएलसी डीव्हीडी:///डेव्ह/एसआर०

मेनूवर अडकत असेल तर ‘डीव्हीडी’च्या जागी ‘डीव्हीडीसिंपल’ लिहा, मेनू वगळून थेट व्हिडिओ सुरू होतो. हालचालीच्या वेळी कडांवर कंगव्यासारख्या आडव्या रेघा दिसल्या तर डिस्क बिघडलेली नाही. जुन्या कॅमेऱ्याचा व्हिडिओ इंटरलेस्ड असतो, म्हणजे प्रत्येक चित्र एकाआड एक रेघांच्या दोन अर्ध्या भागांत नोंदलेलं. व्हीएलसीच्या व्हिडिओ मेनूत डीइंटरलेस चालू करा.

परदेशातून आणलेली डिस्क असेल तर प्रदेशाचा, म्हणजे ती जगाच्या कुठल्या भागात चालावी या कोडचा, प्रश्न येऊ शकतो. भारत प्रदेश ५ मध्ये, अमेरिका १ मध्ये, युरोप २ मध्ये. ड्राइव्हचा प्रदेश ‘रीजनसेट’ने बघता आणि बदलता येतो.

सावध: प्रदेश फक्त पाच वेळा बदलता येतो, आणि पाचवा बदल कायमचा. हा आकडा ड्राइव्हच्या आत नोंदलेला असतो. लिनक्स पुन्हा बसवून तो परत मिळत नाही. बऱ्याच ड्राइव्हवर लिबडीव्हीडीसीएसएस प्रदेश न बदलताही काम करतं, म्हणून आधी तसंच चालवून बघा. भाचीने न्यू जर्सीहून पाठवलेल्या एका डिस्कसाठी बदल करायचा, मग देशी डिस्कसाठी परत फिरवायचा, असे दोन बदल एका संध्याकाळी उडवलेला माणूस मला माहीत आहे.

## ११. डीव्हीडीची प्रत आणि छोटी फाइल

इथे दोन वाटा आहेत, आणि कुठली धरायची ते कुलपावर ठरतं.

कुलूप नसलेल्या डिस्कची, म्हणजे लग्न, मुंज, शाळेचं स्नेहसंमेलन, पूर्ण प्रतिमा, म्हणजे अख्ख्या डिस्कची एकच आयएसओ फाइल, घ्या:

डीडीरेस्क्यू -एन -बी२०४८ /डेव्ह/एसआर० लग्न.आयएसओ लग्न.मॅप

पहिल्या फेरीत तो सहज वाचता येणारा सगळा भाग घेतो आणि अवघड जागा सोडून पुढे जातो. मग दुसरी फेरी फक्त त्या जागांसाठी:

डीडीरेस्क्यू -डी -आर३ -बी२०४८ /डेव्ह/एसआर० लग्न.आयएसओ लग्न.मॅप

मॅप फाइल पुसू नका. कुठलं वाचलं आणि कुठलं राहिलं याची नोंद तीत असते. ती असली की डिस्क काढून, पुसून, दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून तीच कमांड पुन्हा देता येते आणि काम राहिलेल्या जागेपासून सुरू होतं. मी एक मुंजीची डीव्हीडी तीन ड्राइव्ह आणि चार दिवस लावून पूर्ण केली आहे.

कुलूप असलेल्या डिस्कला डीडीरेस्क्यू लावलात तर चांगल्या डिस्कवरही चुका दिसू शकतात, कारण कुलूप उघडल्याशिवाय ड्राइव्ह ते सेक्टर देतच नाही. तिच्यासाठी:

डीव्हीडीबॅकअप -मोठाएम -पी -आय /डेव्ह/एसआर० -ओ ~/डीव्हीडी

याने कुलूप काढलेला पूर्ण व्हिडिओ_टीएस फोल्डर मिळतो.

छोटी फाइल हँडब्रेकने करा. सोर्स म्हणून ड्राइव्ह देऊ नका, आत्ता घेतलेली आयएसओ किंवा फोल्डर द्या. कुठलं टायटल (डिस्कवरचा व्हिडिओ) घ्यायचं ते ‘एलएसडीव्हीडी’ लांबीसकट दाखवतो. सर्वात लांब ते बहुधा मुख्य. प्रीसेट, म्हणजे तयार सेटिंग, ‘फास्ट ५७६पी२५’. भारतातली डीव्हीडी ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेमची असते, म्हणून १०८०पी निवडण्यात अर्थ नाही. अमेरिकेतली असेल तर ‘फास्ट ४८०पी३०’. फिल्टरच्या पानावर डीइंटरलेस किंवा डीकोम बंद केलेलं नाही ना, ते बघा. नाहीतर ते कंगव्याचे दात फाइलमध्ये कायमचे बसतात.

मैफलीच्या डीव्हीडीतून फक्त आवाज हवा असेल तर पुन्हा एन्कोड न करता तो तसाच बाहेर काढता येतो. व्हीओबी फाइल जास्तीत जास्त एक जीबीच्या तुकड्यांत असतात, म्हणून आधी जोडा:

कॅट मोठाव्हीटीएस_०१_[१-९].मोठाव्हीओबी > मैफल.व्हीओबी

इथे ‘मोठा’ पूर्ण शब्दाला लागू आहे, व्ही, टी, एस आणि व्ही, ओ, बी सगळी कॅपिटल. कंसात १ पासूनच घ्या. शून्य क्रमांकाच्या फाइलमध्ये मेनू असतो, तो मिसळला की सुरुवातीलाच मेनूचं संगीत लागतं. मग:

एफएफएमपेग -आय मैफल.व्हीओबी -व्हीएन -सी:ए कॉपी मैफल.एमकेए

हा आवाज ४८,००० हर्ट्झचा असतो, सीडीचा ४४,१००. त्याची ऑडिओ सीडी करायची असेल तरच बदला, नाहीतर तसाच राहू द्या.

शेवटची तपासणी, डिस्क कपाटात टाकण्याआधी:

एफएफएमपेग -व्ही एरर -आय फाइलचं-नाव -एफ नल -

ही कमांड फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत उघडून बघते, पडद्यावर काही दाखवत नाही. शेवटचा एकटा डॅश गाळू नका, आणि ‘नल’ टंकायचं एन-यू-एल-एल. काहीच न छापता प्रॉम्प्ट (कमांड टंकायची ओळ) परत आला तर फाइल चांगली. ओळींमागून ओळी आल्या तर डिस्क अजून हातात आहे तोवर पुन्हा वाचून घ्या. मग पाकिटावर पेन्सिलीने तारीख लिहा आणि दुसरी प्रत दुसऱ्या हार्ड डिस्कवर, शक्यतो दुसऱ्या घरात.